पुराचा विमा, नवे नियम आणि वाढलेला प्रीमियम: बडोद्याच्या विमा प्रतिनिधींकडून वारंवार येणारे प्रश्न

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस कालाघोडा पुलावर विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण 26 फुटांवर आहे. समा, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांतल्या ग्राहकांचे रिन्युअल तेव्हापासून शांतपणे होत नाहीत. प्रतिनिधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. उत्तरं घर, दुकान आणि गाडीच्या विम्यापुरती आहेत. पिकाचा विमा हा वेगळा विषय.

1. ग्राहक विचारतात, "फक्त पुराची पॉलिसी द्या." अशी वेगळी पॉलिसी असते का?

घराला आणि दुकानाला पुराचं संरक्षण आपल्याकडे बहुतेक वेळा आगीच्या पॉलिसीतूनच मिळतं. कोटेशनवर एसटीएफआय लिहिलेलं असतं ते हेच: स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनन्डेशन, म्हणजे वादळ, तुफान, पूर आणि पाणी शिरून बुडणं. 1 एप्रिल 2021 पासून आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या नियामकाने) तीन प्रमाणित पॉलिसी आणल्या. घरासाठी भारत गृह रक्षा. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. 5 कोटींच्या वर 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. तिन्हींच्या मूळ मसुद्यात पूर आहे. गाडीचं नुकसान यातल्या कशातही येत नाही, त्यासाठी प्रश्न 14 पाहा.

2. 2024 मध्ये नियम बदलले म्हणतात. आमच्या कामात नेमकं काय बदललं?

जून 2024 मध्ये आयआरडीएआयचं सर्वसाधारण विम्यावरचं मास्टर सर्क्युलर आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचं. पुराच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी रोज उपयोगी पडतात.

सगळ्यात मोठा बदल निवडीचा. किरकोळ (रिटेल) ग्राहकाने आगीबरोबर सगळी संकटं घेतलीच पाहिजेत अशी सक्ती आता नाही. पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड, दहशतवाद यांतलं काय हवं ते निवडण्याची सोय कंपनीने द्यायची आहे, आणि सगळं एकत्र असलेली पॉलिसीही. म्हणजे "आगीची पॉलिसी आहे, पूर त्यात असणारच" हे गृहीत आता मोडीत निघालं. शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानात) पुराची ओळ आहे का, हे प्रत्येक रिन्युअलला डोळ्यांनी बघायचं.

दुसरं, किरकोळ ग्राहक कारण न सांगता केव्हाही पॉलिसी रद्द करू शकतो. वर्षाच्या पॉलिसीत त्या काळात क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम त्या प्रमाणात परत मिळतो. कंपनी मात्र फसवणूक सिद्ध झाली तरच रद्द करू शकते. तिसरं, लागणारी कागदपत्रं पॉलिसी देतानाच मागायची. केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारता येत नाही. चौथं, क्लेमच्या मुदती. त्या प्रश्न 15 मध्ये आहेत.

पॉलिसीसोबत आता ग्राहक माहितीपत्रकही येतं. त्यात काय मिळतं, काय मिळत नाही, तक्रार कुठे करायची हे थोडक्यात असतं. ते नुसतं फॉरवर्ड करू नका. "काय मिळत नाही" हा भाग ग्राहकासमोर बसून वाचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

3. ग्राहक चौथ्या मजल्यावर राहतो. "मला पूर कशाला? तो काढा आणि प्रीमियम कमी करा," म्हणतो. काढून द्यावं का?

निवड त्याची, पण आधी तीन गोष्टी विचारा. त्याचं तळमजल्यावर गॅरेज किंवा स्टोअर आहे का? वादळात काचा-पत्रे उडाले तर ते नुकसान कोण भरणार? एसटीएफआय गट म्हणून काढला तर वादळही जातं, हे बहुतेकांना माहीत नसतं. आणि वाचणारी रक्कम किती? घराच्या पॉलिसीत ती अनेकदा इतकी किरकोळ असते की आकडा ऐकल्यावर ग्राहक स्वतःच विचार बदलतो.

तरीही काढायचंच असेल तर ग्राहकाकडून लेखी घ्या, ईमेल किंवा प्रपोजल फॉर्मवर सहीसह: "पूर व वादळाचं संरक्षण मी माझ्या इच्छेने घेतलेलं नाही." तोंडी ठरलेलं जुलैत कुणाला आठवत नाही.

4. प्रीमियम का वाढला, हे ग्राहकाला कसं समजावू? तो म्हणतो, "मी तर क्लेमच केला नाही."

"कंपनीने वाढवला" हे उत्तर देऊ नका. वाढ दोन ठिकाणांहून येते, सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) वाढल्यामुळे आणि दर वाढल्यामुळे. दोन्ही वेगळ्या काढून दाखवा.

समजा, मागच्या वर्षी घराची सम इन्शुअर्ड 40 लाख होती आणि दर हजारी 0.30. प्रीमियम 1,200 रुपये. यंदा सम इन्शुअर्ड 46 लाख, दर हजारी 0.35, प्रीमियम 1,610. फरक 410 रुपयांचा. त्यातले 180 रुपये जादा 6 लाखांच्या संरक्षणाचे आहेत, म्हणजे ग्राहकाला त्याबदल्यात काही मिळालं आहे. दरवाढीचे फक्त 230. (हे दर हिशेब समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्षातला दर कंपनीच्या कोटेशनमधून घ्या.) यावर 18 टक्के जीएसटी धरला की एकूण आकडा 1,416 वरून 1,899.80 वर जातो. ग्राहकाला दिसतो तो हाच फरक, आणि तो बिचकतो.

दर वाढण्याचं कारण त्याच्या एकट्याच्या क्लेममध्ये नसतं. 2007 मध्ये आगीच्या विम्याचे ठरावीक सरकारी दर गेले. तेव्हापासून कंपनी त्या भागातला, त्या प्रकारच्या बांधकामातला आणि व्यवसायातला नुकसानीचा इतिहास पाहून दर लावते, शिवाय तिला स्वतःला पुनर्विमा घ्यावा लागतो. 2019 पासून जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने काही व्यवसायांसाठी किमान दरांचा आग्रह धरला. म्हणून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा कोट एका झटक्यात बदललेला दिसू शकतो आणि त्याच मालकाच्या घराचा जवळपास तसाच राहतो.

5. जीएसटी तर शून्य झाला ना? मग घराच्या विम्यावर का लावला?

22 सप्टेंबर 2025 पासून माफी मिळाली ती वैयक्तिक आयुर्विमा आणि वैयक्तिक आरोग्य विम्याला. घर, दुकान, गाडी यांच्या विम्यावर 18 टक्के कायम आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दुकानाच्या विम्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं. त्याच्या सीएला विचारायला सांगा.

6. घराची सम इन्शुअर्ड किती धरायची? फ्लॅट 60 लाखांचा आहे.

60 लाखांत जमिनीची किंमत आहे, आणि जमीन वाहून जात नाही. भारत गृह रक्षामध्ये हिशेब बांधकामाच्या खर्चाचा: कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला आजचा बांधकाम खर्च. 90 चौरस मीटर कार्पेट आणि चौरस मीटरला 22,000 रुपये धरले तर 19.8 लाख. कार्पेट एरियासाठी दस्त पाहा. वेरा (मालमत्ता कर) पावतीवरचं क्षेत्रफळ वेगळ्या पद्धतीने मोजलेलं असू शकतं.

टेनामेंट किंवा बंगला असेल तर कंपाउंड वॉल, गेट, पाण्याची टाकी, सोलर पॅनल यांचा खर्च वेगळा मिळवा. पुरात पहिली पडते ती कंपाउंड वॉलच, आणि सगळ्यात जास्त विसरली जाते तीही तीच.

घराच्या पॉलिसीत कमी विम्यापोटी कपात होत नाही, पण सम इन्शुअर्डच्या वर एक रुपयाही मिळत नाही. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीची पॉलिसी घेतली तर सम इन्शुअर्ड दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा प्रीमियम न घेता. बांधकामाचे दर चढत असताना ही सोय ग्राहकाला सांगायलाच हवी.

7. घरातलं सामान आपोआप येतं का? दागिन्यांचं काय?

इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला की सामानाला इमारतीच्या सम इन्शुअर्डच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख. 46 लाखांच्या घराला 9.2 लाख. जास्त हवं तर सामानाचा तपशील देऊन वाढवता येतं. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांना वेगळा पर्यायी कव्हर लागतो. त्यात एकूण 5 लाखांपर्यंत आणि एका वस्तूला 1 लाखापर्यंत मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पैठण्या या यादीत बसवता येतील का, हे कंपनीला आधी लेखी विचारा.

पाणी भरल्यावर लोक घर सोडून नातेवाइकांकडे जातात आणि मागे चोरी होते. पुरामुळेच झालेली अशी चोरी, घटनेपासून 7 दिवसांच्या आतली, गृह रक्षामध्ये येते. पोलिसांत तक्रार मात्र हवी.

8. ग्राहकाने गृहकर्जाबरोबर विमा घेतलाय. मग आमची पॉलिसी कशाला?

आधी तो कागद मागवा. पुष्कळदा ती कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असलेली पॉलिसी निघते. घराच्या भिंतींशी तिचा संबंध नसतो. मालमत्तेचाच विमा असेल तर दोन गोष्टी बघा: सामान आहे का, आणि पुराची ओळ आहे का (प्रश्न 2). बँकेचं नाव पॉलिसीत असेल तर इमारतीच्या क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, हेही सांगून ठेवा.

9. दुकानदाराला पुराचा क्लेम कमी मिळाला. सर्व्हेअरने (नुकसान मोजणाऱ्याने) पैसे कापले म्हणतो. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण एकच, दिवाळीच्या मालावर श्रावणातला विमा. विमा घेताना माल 30 लाखांचा दाखवला आणि पूर आला त्या दिवशी गोदामात 40 लाखांचा होता. कमतरता 25 टक्के. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. त्याच्या पुढे गेली की सरासरीचा नियम लागतो. 12 लाखांचा माल भिजला तर मिळणार 12 गुणिले 30 भागिले 40, म्हणजे 9 लाख. वरून शेड्यूलमधला एक्सेस (ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम) वजा. 40 लाखांचा विमा असता तर पूर्ण 12 लाख धरले गेले असते. तीन लाख गेले ते काही शे रुपयांच्या प्रीमियमसाठी.

मांडवी आणि रावपुऱ्यातल्या कापडवाल्यांना, नवापुऱ्यातल्या किराणा घाऊकवाल्यांना जूनमध्येच विचारा: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जास्तीत जास्त माल किती असतो? तो आकडा लावा. माल दोन गोदामांत फिरत असेल तर दोन्ही पत्ते शेड्यूलमध्ये घ्या आणि फ्लोटरची (दोन्ही ठिकाणांना मिळून एकच विमा) सोय तपासा. नव्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत नसणं, हे पूर्ण क्लेम जाण्याचं कारण होऊ शकतं. कमी मिळण्याचं नव्हे, जाण्याचं.

सर्व्हेअर मालाचा आकडा खरेदी बिलं, जीएसटी रिटर्न आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट यांच्यावरून काढतो. बँकेला एक आणि विमा कंपनीला दुसरा आकडा दिलेला असेल तर इथे उघडा पडतो.

10. तळघरातला माल चालतो का?

पॉलिसीत तळघर वगळलंय का, त्याला मर्यादा आहे का, माल जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवण्याची अट आहे का, हे कोट मागतानाच विचारा. प्रपोजलमध्ये तळघर लपवलं तर कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. उंचीची अट असेल तर लाकडी पॅलेट किंवा लोखंडी रॅक लावून तारखेसह फोटो फाइलला ठेवायला सांगा.

11. आजवा तलावाची पातळी वाढतेय, रेड अलर्ट आलाय, आणि ग्राहकाचा फोन येतो, "आजच पॉलिसी काढा." निघेल का?

पूर समोर दिसत असताना कंपन्या सहसा नवी जोखीम घेणं थांबवतात किंवा आधी पाहणी मागतात. पोर्टलवर कोट निघाला म्हणजे जोखीम स्वीकारली असं होत नाही. शाखेतून लेखी होकार आल्याशिवाय ग्राहकाला "झालं" म्हणू नका.

कायद्याची बाजूही इथेच. विमा कायदा 1938 चं कलम 64व्हीबी सांगतं की प्रीमियम मिळण्याआधी जोखीम सुरू होत नाही. तुम्ही रोख किंवा चेक घेतला असेल तर 24 तासांत, बँक आणि टपालाच्या सुट्ट्या सोडून, कमिशन न कापता कंपनीकडे भरायचा. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला चेक तुमच्या बॅगेत राहिला आणि शनिवारी रात्री पाणी शिरलं, तर त्या ग्राहकाला तुम्ही काहीही समजावू शकणार नाही. ग्राहकालाच कंपनीच्या लिंकवर पैसे भरायला लावणं बरं.

मुदत संपलेली पॉलिसीही याच पेचात अडकते. ज्यांचं रिन्युअल जुलै ते सप्टेंबरमध्ये येतं त्यांची यादी मे महिन्यातच काढा.

12. नदीचं पाणी आलं नाही, गटार उलटलं. किंवा गच्ची गळली. हा पूर का?

बाहेर साचलेलं पाणी, मग ते नदीचं असो की तुंबलेल्या पावसाळी गटाराचं, घरात शिरलं तर ते इनन्डेशनमध्ये मांडता येतं. वर्षानुवर्षं झिरपणारी गच्ची हा देखभालीचा प्रश्न. तो क्लेम टिकत नाही. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात जवळजवळ 500 मिमी पाऊस पडला. अशा दिवशी दोन्ही प्रकार एकाच घरात होतात, आणि म्हणून पुरावा वेगळा ठेवावा लागतो: खालून चढलेल्या पाण्याची भिंतीवरची रेघ एकीकडे, छताचे डाग दुसरीकडे. दोन्ही एका फोटोत घालून पाठवलं तर सर्व्हेअर वाईट तेच धरतो.

13. पाणी उतरल्यावर ग्राहकाने पहिलं काय करायचं?

सर्वप्रथम मेन स्विच बंद. मग कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्यायचा. घरात पाऊल टाकण्याआधीच, फोनवरून. त्यानंतर फोटो, पण नुसते चिखलाचे नव्हेत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मेजर टेप लावून, आकडा वाचता येईल असा फोटो. प्रत्येक खोलीत एक. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांच्या मागच्या सीरियल नंबरच्या पट्टीचा. माल असेल तर भिजलेला आणि कोरडा वेगळा मांडून, पोती मोजता येतील असा.

भिजलेलं फेकायची घाई करू नका. धान्य सडायला लागलं आणि महापालिकेची गाडी दारात उभी असेल तर वजन-संख्येची यादी, फोटो आणि "आरोग्याच्या कारणास्तव माल हटवत आहोत" असा ईमेल आधी पाठवा, मग टाका. उरलेल्या भंगाराची किंमत क्लेममधून वजा होते, म्हणून ते परस्पर विकू नये.

फ्रिज, मोटर, संगणक सुकवून तपासल्याशिवाय चालू करू नयेत. पुरात भिजलेलं यंत्र चालू केल्यावर शॉर्ट सर्किटने जळलं तर ते पुराचं नुकसान की विजेचं, यावर वाद होतो, आणि विजेचं निघालं तर पॉलिसी हात वर करते. घराच्या पॉलिसीत ढिगारा हटवण्यासाठी क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअर-आर्किटेक्टच्या फीसाठी 5 टक्क्यांपर्यंत मिळतं. त्या पावत्या जपून ठेवायला सांगा.

मामलतदार किंवा महापालिकेचा पंचनामा झाला असेल तर प्रत जोडा. नसेल तर त्यासाठी थांबू नका.

वीज गेल्याने आइस्क्रीम वितळलं, दूध नासलं, पण दुकानात पाणी शिरलंच नाही, तर हा क्लेम साध्या पॉलिसीत बसत नाही. डेअरीवाल्यांना तापमान बिघडण्याचा वेगळा कव्हर आधीच सुचवा.

14. गाडी पाण्यात बुडाली. काय मिळेल, काय नाही?

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काही नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज असेल तर पुराचं नुकसान येतं. घात होतो तो सेल्फमुळे: पाण्यात उभी गाडी चालू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी ते पुराचं नव्हे तर नंतरच्या कृतीचं नुकसान मानते. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घेतला असला तरी त्याच्या अटी वाचा. गाडी ढकलून किंवा टो करून न्यायची, बॅटरीची तार काढायची, बस.

सीट, वायरिंग, प्लास्टिक यांवर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के. झीरो डेप (घसारा न कापण्याचा अ‍ॅड-ऑन) असेल तर हा मार कमी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. सक्तीची कपात 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 1,000 रुपये, त्यावरच्या कारला 2,000.

15. सर्व्हेअर येतच नाही. किती थांबायचं?

नियमाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमल्यापासून 15 दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीचा निर्णय. अहवाल मिळवणं ही कंपनीची जबाबदारी, ग्राहकाची नव्हे. 1 लाखाच्या आतल्या नुकसानीला (गाडीसाठी 50 हजार) परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही. व्हिडिओवर पाहणी मागून बघा.

अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, बिमा भरोसा पोर्टलवरही नोंद. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे. निर्णयाची मर्यादा 50 लाख, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जायला हवं.

16. 2024 मध्ये क्लेम झालेल्या घराचा विमा दुसऱ्या कंपनीत नेताना तो क्लेम सांगायलाच हवा का?

हो. प्रपोजलमध्ये विचारलं असेल तर तारीख आणि रकमेसह. त्याने दर वाढेल किंवा एक्सेस जास्त लागेल, हे खरं. पण लपवला आणि पुढच्या पुरात जुनी फाइल निघाली, तर नव्या पॉलिसीचा प्रीमियम पाण्यात. नंतर केलेल्या सुधारणाही जोडा: जोतं उंच केलं, मीटर वर घेतला, पाणी अडवायचं गेट बसवलं. फोटोसह दिलं तर अंडररायटर (कंपनीत जोखीम तपासणारा) त्याचा विचार करू शकतो.

17. प्रीमियम वाढला म्हणून माझ्या कमिशनमधून थोडी सूट देऊ का?

नाही. विमा कायद्याच्या कलम 41 ने ते मना आहे. 1 एप्रिल 2023 पासून कमिशनची वेगवेगळी कमाल मर्यादा जाऊन कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली. त्याचा सूट देण्याशी काही संबंध नाही. कमी करायचंच असेल तर जास्त मुदतीची पॉलिसी किंवा जास्त ऐच्छिक एक्सेस यांचे कोट मागवा.

18. भाडेकरूला काय देता येतं? आणि घरातच शिवणकाम किंवा डब्यांचा व्यवसाय असेल तर?

भाडेकरू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतो. भिंती घरमालकाच्या पॉलिसीत. दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात तीन कुटुंबं राहत असतील तर कोणती खोली कुणाच्या ताब्यात आहे हे प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर एकाच कपाटावर दोन क्लेम येतात.

घरातला व्यवसाय कंपनीला कळवून लेखी उत्तर घ्या. चार शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड हे घरगुती सामान नाही. त्याला सूक्ष्म उद्यम पॉलिसी लागते. गिऱ्हाइकांच्या कापडाचा उल्लेख "विश्वासाने ठेवलेला माल" म्हणून वेगळा करून घ्या, कारण ते शिवणाऱ्याच्या मालकीचं नसतं आणि नुसत्या "स्टॉक"मध्ये धरलं जाईलच असं नाही.